सर्वज्ञाला ओळखावे कोणी?

सातव्या शतकात होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी आपल्या श्लोकवार्तिकात, धर्माचे ज्ञान वेदवचनावाचून अन्य कोणत्याही मार्गाने होत नाही हे मीमांसकांचे मत सिद्ध करीत असता, बौद्ध व जैन प्रतिपक्षांपुढे एक प्रश्न टाकला आहे. आणि ईश्वराविषयी, गुरूविषयी व आप्तवाक्याविषयी आपल्याकडे जेवढे प्रश्न विचारले गेले, त्यांत इतका नेमका आणि इतका न टाळता येणारा प्रश्न माझ्या मते क्वचितच दुसरा सापडेल. बुद्ध सर्वज्ञ होता, महावीर सर्वज्ञ होते, असे तुम्ही म्हणता. घटकाभर ते मान्य केले, तरी त्यांच्याच काळी त्यांच्याच समोर बसलेल्या श्रोत्याने ही सर्वज्ञता ओळखली कशी? जे जे म्हणून ज्ञेय आहे ते सर्व या पुरुषाला ठाऊक आहे हे पडताळायचे, तर पडताळणाऱ्याजवळ त्या ज्ञेयाची संपूर्ण जंत्री हवी. ती असेल तर तो स्वतःच सर्वज्ञ ठरला, मग त्याची सर्वज्ञता ओळखायला तिसरा, तिसऱ्यासाठी चौथा, अशी सर्वज्ञांची रांग लागेल. आणि ती नसेल तर त्याचा निर्वाळा ऐकीव गोष्टीइतकाच विश्वासार्ह. सारांश, जो असर्वज्ञ आहे त्याला सर्वज्ञ ओळखू येत नाही.

धर्मकीर्तीने या प्रश्नाची धार थोडी बोथट करण्याचा यत्न केला. जगात किडे किती आहेत हे गुरूला ठाऊक आहे की नाही याच्याशी आपल्याला काय कर्तव्य आहे, हेय काय आणि उपादेय काय एवढे त्याने सांगितले म्हणजे झाले, अशी त्याची भूमिका. आठव्या शतकात शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात आणि त्याचा शिष्य कमलशील याने त्यावरील पंजिकेत कुमारिलांचे म्हणणे सविस्तर मांडून त्याचे खंडन केले. तथापि, ओळखणाऱ्याजवळ काय असले म्हणजे पुरे, हा जो मूळ मुद्दा, तो मला त्या वादात शेवटपर्यंत अर्धवटच तपासलेला दिसतो. तोच मुद्दा विसाव्या शतकात गणिताच्या एका शाखेत, यंत्रे आणि व्याकरणे यांच्या शास्त्रात, पुन्हा उभा राहिला, आणि तेथे त्याचा तपास अशा काटेकोरपणे झाला की धर्मचिंतन करणाऱ्याने तिकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याच घरचा दावा एकतर्फी निकालात काढणे होय.

हे शास्त्र आरंभ करते ते एका अशा गोष्टीपासून, जी पतंजलीला पूर्ण ठाऊक होती. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून सहस्र दिव्य वर्षे शब्दपारायण सांगितले, तरी शब्दांचा अंत लागला नाही, अशी आख्यायिका महाभाष्याच्या पस्पशाह्निकात आहे. तात्पर्य, भाषा अनंत आहे आणि तिचे ज्ञान व्हायचे तर ते नियमांच्या द्वाराच झाले पाहिजे, जसे पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत करून दाखवले. परिमित नियमांतून अपरिमित वाक्ये निर्माण करणाऱ्या अशा नियमावलींची, त्यांच्या सामर्थ्यानुसार लावलेली प्रतवारी नोम चॉम्स्की यांनी १९५६ आणि १९५९ च्या निबंधांत मांडली. आणि तिच्या प्रत्येक प्रतीला एकेका जातीचे काल्पनिक यंत्र जुळते, असे पुढे दिसून आले.

सर्वांत खालच्या प्रतीचे यंत्र अगदी गरीब असते. त्याला मोजक्या अवस्था असतात आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत एवढीच त्याची स्मृती. तरी त्याचे सामर्थ्य जवळून पाहण्यासारखे आहे. शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेली एखादी संख्या तीनने निःशेष भागली जाते की नाही हे सांगायला तीन अवस्था पुरतात. आतापर्यंत वाचलेल्या भागाची बाकी शून्य, एक किंवा दोन. नवा अंक वाचला की जुन्या बाकीची दुप्पट करून त्यात तो मिळवावा आणि तीन वजा जात असतील तर वजा करावेत. ११०१ ही अशी संख्या घ्या, म्हणजे आपले तेरा. पहिला एक वाचताच बाकी एक. दुसरा एक वाचताच दोन आणि एक मिळून तीन, म्हणजे शून्य. मग शून्य वाचून शून्य. आणि शेवटचा एक वाचून एक. तेरातून बारा गेले, एक उरला. संख्या लाख अंकांची असली तरी यंत्राला चौथी अवस्था लागत नाही.

आता अशी दोन यंत्रे घेऊन विचारावे, की ही दोन्ही नेमकी तीच वाक्ये स्वीकारतात काय? वाक्ये अनंत आहेत, तेव्हा कुमारिलांच्या न्यायाने पाहिले तर होय म्हणणाऱ्याजवळ त्या सर्व वाक्यांची जंत्री पाहिजे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. एका यंत्रात दहा अवस्था आणि दुसऱ्यात बारा असतील आणि त्या दोहोंत काही भेद असेल, तर तो भेद उघड करणारे निदान एक वाक्य बावीसपेक्षा कमी अक्षरांचे असतेच असते. म्हणून तेवढी आखूड वाक्ये तपासून जुळली, की उरलेल्या अनंत वाक्यांविषयी जामीन राहायला हरकत नाही. मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांच्या १९५९ च्या प्रसिद्ध निबंधाने अशा यंत्रांविषयीच्या निर्णयप्रश्नांची घडी बसवली. धर्मचिंतनाच्या दृष्टीने यातला लाभ मला फार मोठा वाटतो. सर्वांविषयी बोलायचे तर सर्व पाहिले पाहिजे, हे कुमारिलांच्या युक्तिवादातले गृहीतकृत्य येथे ढासळते. वस्तूची घडण ठाऊक असेल, तर न पाहिलेल्या अनंताविषयीही परिमित मनुष्य अधिकाराने बोलू शकतो.

पण एक पायरी वर चढताच हा अधिकार संपुष्टात येतो. यंत्राला, एकावर एक रचत जाता येईल आणि वरूनच काढता येईल अशी स्मृती दिली, की आपण रोजच्या भाषेत करतो तशी वाक्यात वाक्य गुंफण्याची रचना त्याच्या आवाक्यात येते. आणि अशा दोन व्याकरणांतून तीच वाक्ये निघतात काय, हे ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे येहोशुआ बार-हिलेल, मिखा पर्लेस आणि एली शमीर यांनी १९६१ साली दाखवून दिले. रीत अद्याप सापडली नाही असे येथे म्हणायचे नाही. कोणालाही, केव्हाही, कितीही बुद्धी खर्चूनही ती सापडणार नाही असे सिद्ध झाले आहे. दोन व्याकरणे भिन्न असतील तर भेद दाखवणारे एक वाक्य पुढे करावे, वाद तेथेच मिटला. ती एकरूप असतील तर पुढे करावे असे काहीच हाती नसते, केवळ न संपणारा शोध असतो. सर्व धर्म अखेर एकच गोष्ट सांगतात असे जे सज्जन प्रेमाने म्हणतात, त्यांनी या विषमतेकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. भेदाला एक दाखला पुरतो, ऐक्याला प्रमाण द्यावे लागते आणि ते प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावे लागते.

ही विषमता स्वतः हाताळून पाहायची असेल तर न्यू यॉर्कच्या एमिल पोस्ट यांनी १९४६ साली मांडलेल्या कोड्यासारखे साधन नाही. तीन फरश्या घ्या. प्रत्येकीवर वरच्या बाजूला एक अक्षरमालिका आणि खालच्या बाजूला दुसरी. पहिलीवर वर ‘क’ आणि खाली ‘खकक’. दुसरीवर वर ‘कख’ आणि खाली ‘कक’. तिसरीवर वर ‘खखक’ आणि खाली ‘खख’. हीच फरशी पुन्हा पुन्हा वापरायची मुभा आहे. अट एवढीच, की फरश्या एका ओळीत मांडल्यावर वरची ओळ आणि खालची ओळ अक्षरशः सारखी वाचली जावी. तिसरी, दुसरी, पुन्हा तिसरी आणि मग पहिली अशी मांडणी करून पाहा: वर ‘खखककखखखकक’ आणि खालीही ‘खखककखखखकक’. उत्तर सापडल्यावर ते तपासायला पळभर पुरे, परंतु दिलेल्या फरश्यांना असे उत्तर मुळात आहे की नाही हे सांगणारी सार्वत्रिक रीत नाही. तीनच फरश्यांचा, कोणत्याही मालिकेत तीनपेक्षा अधिक अक्षरे नसलेला असा एक संच ज्ञात आहे, की ज्याचे सर्वांत आखूड उत्तर पंचाहत्तर फरश्यांचे आहे; चौऱ्याहत्तराव्या फरशीपर्यंत निराश होऊन उठणारा मनुष्य चुकला असता, आणि ज्या संचाला उत्तरच नाही त्यापुढे आशेने बसून राहणाराही चुकला असता. फरश्या दोनच असतील तर निर्णय करता येतो हे १९८२ पासून माहीत आहे. पाच झाल्या की करता येत नाही हे २०१५ साली सिद्ध झाले. तीन आणि चार यांचा निवाडा अद्याप तहकूब आहे.

या सर्व अनिर्णेयतेचे मूळ ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निबंधात आहे. कोणतेही यंत्र व त्याला दिलेले टिपण पाहून ते यंत्र केव्हातरी थांबेल की अखंड चालत राहील हे बिनचूक सांगणारे एखादे निर्णययंत्र आहे असे मानले, तर त्याच्याच साहाय्याने असे एक वाकडे यंत्र बनवता येते की जे, समोर ठेवलेल्या यंत्राला त्याचेच वर्णन दिले तर ते थांबेल असा कौल मिळताच स्वतः चालत राहते आणि थांबणार नाही असा कौल मिळताच थांबते. या वाकड्या यंत्रापुढे त्याचेच वर्णन ठेवले, की निर्णययंत्र काहीही म्हणाले तरी खोटे ठरते. हे वाचून काही भाविकांना वाटते, की चला, गणितानेच गूढाची कबुली दिली. मला हा आनंद अस्थानी वाटतो. अनिर्णेय असतो तो प्रश्नांचा समुदाय, एकटा प्रश्न नव्हे. एखादे विशिष्ट यंत्र थांबते किंवा थांबत नाही, या दोहोंपैकी एक गोष्ट निश्चित खरी असते, आणि पुष्कळदा ती युक्तीने सिद्धही करता येते. नसते ती एवढीच, की सर्व प्रकरणांना एकाच साच्यातून काढणारी रीत. आत्मा आहे काय, जगाला आरंभ आहे काय, हे प्रश्न अनिर्णेय आहेत असे या सिद्धांताचा हवाला देऊन म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या दप्तरातील हुकूम आपल्या प्रकरणाला चिकटवणे होय.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती म्हणजे निर्णेय असूनही दुर्गम असलेले प्रश्न. खालच्या प्रतीच्या भाषांचे वर्णन ‘हे किंवा ते’, ‘यानंतर ते’ आणि ‘कितीही वेळा’ एवढ्या तीन क्रियांनी करता येते असे स्टीफन क्लीनी यांनी दाखवले होते. अशी दोन वर्णने एकरूप आहेत काय, हे नेहमी ठरवता येते. पण त्यांत ‘दोनदा’ ही एक निरुपद्रवी दिसणारी क्रिया मिळवली, की त्याच निर्णयाला लागणारी जागा वर्णनाच्या लांबीबरोबर घातांकी वेगाने वाढते आणि तिला कोणतीही चतुराई आवर घालू शकत नाही, असे अल्बर्ट मायर आणि लॅरी स्टॉकमायर यांनी १९७२ साली सिद्ध केले. त्याच दोघांनी पुढे एका निर्णेय तर्कभाषेचा हिशेब मांडला. तीत नैसर्गिक संख्यांच्या परिमित समुच्चयांविषयी विधाने करता येतात आणि प्रत्येक विधान खरे की खोटे हे परिमित यंत्रांच्या साहाय्याने ठरवता येते, हे १९६० च्या सुमारासच ज्ञात झाले होते. तथापि सुमारे सहाशे चिन्हांपर्यंतच्या विधानांचा निर्णय देणारे विद्युन्मंडल बांधायचे तर त्यात निदान १०<sup>१२५</sup> घटक लागतील, आणि एकेक घटक प्रोटॉनएवढा केला तरी ते मंडल ज्ञात विश्वात मावणार नाही. उत्तर आहे, त्याकडे नेणारी वाट आहे, वाट संपते याची हमी आहे, आणि तरीही त्या वाटेने कोणी पोहोचणार नाही! मोक्ष क्रमाक्रमाने अनेक जन्मांनी मिळतो असे ज्यांनी मानले, त्यांनी वाट संपते एवढ्या हमीवर समाधान मानावे की नाही, याचा विचार येथे नव्याने करावासा वाटतो.

कुमारिलांकडे परत येऊ. मानवी रीतीला ही कुंपणे असतील, तर रीतीवाचून जाणणारा कोणी कल्पावा काय? ट्यूरिंग यांनी स्वतःच १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात अशी कल्पना केली आहे. यंत्राजवळ एक दैवज्ञ बसवावा. कोणते यंत्र थांबते असे विचारताच त्याने, कसे ते न सांगता, खरे उत्तर द्यावे. मग काय होते? त्या दैवज्ञाला विचारीत विचारीत चालणाऱ्या यंत्रांचा एक नवाच वर्ग निर्माण होतो, आणि त्या वर्गातले यंत्र थांबेल की नाही या प्रश्नापुढे तोच वाकडा युक्तिवाद पुन्हा उभा राहून तो दैवज्ञ निरुत्तर होतो. त्याच्यावर दुसरा नेमला तर त्याच्यापुढेही तेच. म्हणजे प्रश्नाला होय-नाही असे उत्तर देणारी गादी, एवढ्याच अर्थाने सर्वज्ञता घेतली, तर तिला शिखर नाही. हा अनवस्थाप्रसंग कुमारिलांनी ओळखणाऱ्यांच्या रांगेत पाहिला होता. तो जाणणाऱ्यांच्या रांगेतही आहे.

परंतु ओळखण्याचा मुद्दा मात्र इतका निराशाजनक उरलेला नाही, आणि माझ्या मते या सर्व शास्त्रातला धर्मविचाराला अत्यंत उपकारक भाग हाच आहे. १९८५ साली शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी, आणि स्वतंत्रपणे लास्लो बाबाई यांनी, असा प्रसंग कल्पिला: एका बाजूला अमर्याद ज्ञानाचा पण विश्वासाला पात्र आहे की नाही हे ठाऊक नसलेला वक्ता, दुसऱ्या बाजूला अल्प शक्तीचा, पण उलटतपासणी करणारा आणि नाणे उडवणारा श्रोता. समजा, दोन जाळी आहेत, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची. आणि वक्ता म्हणतो, की बिंदूंची नावे कितीही बदलली तरी ही दोन एकमेकांशी जुळणार नाहीत. श्रोत्याने त्यांतले एक गुपचूप निवडावे, त्याची नावे उलटसुलट करावी आणि विचारावे, हे पहिले की दुसरे? जाळी खरोखर भिन्न असतील तर ज्ञानी वक्ता दर वेळी अचूक सांगेल. ती मूळची एकच असतील तर कितीही ज्ञान असले तरी त्याला अटकळच बांधावी लागेल, आणि वीस वेळा लागोपाठ अटकळ खरी ठरण्याचा संभव दहा लाखांत एकाहून कमी. श्रोत्याला स्वतःला उत्तर शोधता आले नसते, तरी दुसऱ्याचे उत्तर त्याने पारखून घेतले.

पुढे १९९० च्या सुमारास आदी शमीर यांनी, इतर चौघांच्या ताज्या कामाच्या आधारे, सिद्ध केले की माफक जागेत ज्यांचा निर्णय होतो असे सर्व प्रश्न, काळ मग कितीही लागो, अशा संवादाने पडताळता येतात. आणि त्यांतच, दोन साधी वर्णने एकरूप आहेत काय, हा आपला पूर्वीचा प्रश्नही येतो. एकरूपतेला दाखवण्यासारखा दाखला नसतो असे मी वर म्हणालो होतो. या साध्या वर्णनांच्या बाबतीत तो लिखित दाखल्यापुरताच अडथळा ठरतो, वक्ता समोर असेल आणि त्याला फिरवून फिरवून विचारता येत असेल तर एकरूपतेचीही खातरी पटू शकते. केवळ लेख वाचून पडताळता येणाऱ्या प्रश्नांहून संवादाने पडताळता येणारे प्रश्न खरोखरच अधिक आहेत हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे, परंतु या शास्त्रातील जाणत्यांचा तसा दृढ समज आहे. कुमारिलांनी पौरुषेय आप्ताला नाकारून अपौरुषेय वचनाचा आश्रय केला, कारण कर्ता नसला की कर्त्याच्या दोषाची भीती नाही. पण ज्याला कर्ता नाही त्याची उलटतपासणीही नाही, आणि ही किंमत त्यांनी फार स्वस्तात मोजली असे मला वाटते.

बृहदारण्यकातील गार्गी येथे आठवते ती यासाठीच. जनकाच्या सभेत तिने याज्ञवल्क्याला प्रश्नामागून प्रश्न विचारले, अतिप्रश्न करू नकोस, नाहीतर मस्तक गळून पडेल, असा इशारा मिळाल्यावर ती थांबली, आणि तरी पुन्हा उठून, सभेची अनुज्ञा घेऊन, तिने आणखी दोन प्रश्न टाकले. उत्तरे मिळाल्यावर या पुरुषाला ब्रह्मवादात कोणी जिंकणार नाही असा निर्वाळा भर सभेत तिनेच दिला. याज्ञवल्क्याजवळचे ज्ञान तिच्याजवळ नव्हते. कुमारिलांच्या न्यायाने तिला हा निर्वाळा देण्याचा अधिकारच पोहोचत नाही. मला तो पूर्ण पोहोचतो असे वाटते, कारण तो तिने प्रश्न विचारून कमावला होता, आणि तिने निर्वाळा दिला तोही याज्ञवल्क्य सर्वज्ञ असल्याचा नव्हे, तर या वादापुरता अजिंक्य असल्याचा. उत्तरे एकेक करून पारखता येतात. सर्वज्ञता हे पद मात्र घाऊक पारखता येत नाही, आणि एवढ्यापुरते कुमारिलांचे म्हणणे आजही अबाधित आहे.

मर्यादा नेमकी कोठे पडते हेही आता सांगता येते. २०२० साली जेंगफेंग जी, आनंद नटराजन, थॉमस विडिक, जॉन राइट आणि हेन्री युएन यांनी दाखवले, की परस्परांशी बोलू न शकणारे, परंतु पुंजभौतिकीतील विलक्षण संलग्नतेने बांधलेले असे दोन अमर्याद ज्ञानी साक्षीदार असतील, तर अल्पशक्तीचा श्रोता त्यांना वेगवेगळे तपासून, एखादे यंत्र थांबते या विधानाची खातरी करून घेऊ शकतो, मग ते थांबायला विश्वाच्या आयुष्याहून अधिक काळ लागणार असला तरी बेहत्तर. यंत्र कधीच थांबणार नाही, या विधानाला मात्र हीसुद्धा तपासणी सरसकट लागू पडत नाही. धर्माची सर्वांत मोठी विधाने पाहावी तर याच दुसऱ्या जातीची: आत्मा नित्य आहे, संसार अनादि आहे, मुक्ताला पुनरावृत्ती नाही. ‘कधीच नाही’ आणि ‘नेहमीच’ असे म्हणणाऱ्या वक्त्याची परीक्षा घेण्याची एकच एक रीत कोणत्याही श्रोत्याजवळ असणार नाही; तेथे प्रत्येक विधानाला त्याच्या स्वतःच्या घडणीतून निघालेली युक्ती द्यावी लागेल, जशी त्या तीन अवस्थांच्या यंत्राविषयी देता आली.